कागदाचे हिमपुष्प

भारतातील बहुसंख्य मुलांनी हिम पाहिलेले नसते. काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेश यांच्या उंच भागांत राहणाऱ्या मुलांच्या अंगणात ते हिवाळ्यात उतरते. उरलेल्या देशातील मुलांची त्याच्याशी ओळख होते ती पाठ्यपुस्तकातील चित्रांवरून आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांवरून. वळवाच्या पावसात पडणाऱ्या गारांवरून किंवा सरबतातील बर्फाच्या खड्यावरून हिमाची कल्पना करू पाहणारे मूल साहजिकच फसते. गार म्हणजे गोठलेल्या पाण्याचे थरावर थर चढून झालेला गोळा. हिमाचा कण याहून अगदी वेगळ्या रीतीने जन्मतो. अतिशय थंड ढगात एखाद्या धूलिकणाभोवती गोठलेला सूक्ष्म थेंब हे त्याचे बीज. पुढे भोवतालचे बाष्प, मध्ये पाणी न होता, थेट घनरूप होऊन या बीजावर साचत जाते आणि त्यातून नक्षीदार स्फटिक वाढतो. या स्फटिकालाच हिमपुष्प म्हणतात.

ज्या मुलाला हे फूल प्रत्यक्ष पाहता येत नाही, त्याला ते कागदाचे करून पाहता येते. चौकोनी कागदाच्या घड्या घालाव्यात, कडांवर कात्रीने छेद द्यावेत आणि कागद उलगडावा, एवढीच ही कृती. थंड देशांतील शाळांत हिवाळा आला की वर्गाच्या खिडक्यांच्या काचा अशा कागदी फुलांनी भरून जातात. आपल्याकडेही कार्यानुभवाच्या तासाला ती केली जातात. मात्र या फुलांत एक चूक फार वेळा आढळते. त्यांना टोके चार असतात किंवा आठ. आकाशातून पडणाऱ्या हिमपुष्पाला टोके सहा असतात. चार किंवा आठ टोकांचे हिमपुष्प निसर्गात तयार होत नाही.

ही चूक क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मुलाचा हात रमला, कात्री चालली, सुंदर काहीतरी तयार झाले, एवढे पुरे नाही का, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या मुलाने हिम कधी पाहिलेले नाही, त्याच्या दृष्टीने हा कागद हेच हिमाचे पहिले दर्शन होय. ते खोटे असेल तर खोटी समजूत वर्षानुवर्षे मनात राहते. शिवाय आठ टोकांच्या फुलाबरोबर एक मोलाचा प्रश्नही हरवतो. हिमपुष्पाला टोके सहाच का, हा तो प्रश्न. तो विचारणारी पहिली माणसे लहान मुले नव्हती. थोर शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनाही त्याचे उत्तर सहजासहजी सापडले नाही.

घडी कशी घालावी

चूक कोठून येते हे कागद हाती घेताच कळते. कागद निम्मा दुमडणे सर्वांत सोपे असते. एकदा निम्मा केला की दोन पदर होतात, पुन्हा निम्मा केला की चार, पुन्हा केला की आठ. अर्ध्याचे अर्धे करीत गेल्यास सोळा आणि बत्तीस येतील, पण सहा किंवा बारा कधीही येणार नाहीत. त्यासाठी एकदा तरी कागदाचे तीन सारखे भाग करावे लागतात. सगळी अवघड बाब या एका घडीत आहे.

एक चौरस कागद घ्यावा आणि समोरासमोरचे कोपरे जुळवून तो तिरपा दुमडावा. त्याचा त्रिकोण होईल. त्रिकोणाची लांब बाजू आपल्याकडे ठेवून तिचा मध्यबिंदू शोधावा. मूळ कागदाचा केंद्रबिंदू तो हाच. या बिंदूपाशी १८० अंशांचा सरळ कोन आहे. त्याचे तीन समान भाग करावयाचे, म्हणजे प्रत्येक भाग ६० अंशांचा होईल. उजवी बाजू केंद्रबिंदूपासून उचलून डावीकडे आणावी, डावी बाजू तिच्यावर उजवीकडे आणावी, आणि दोन्ही घड्यांच्या कडा एकमेकींशी तंतोतंत जुळेपर्यंत कागद हलकेच सरकवीत राहावे. कडा जुळल्या म्हणजे भाग समान झाले. त्यानंतरच नखाने घडी दाबावी. आता सहा पदरांची पाचर तयार होईल. ती पुन्हा मधोमध दुमडली की ३० अंशांचा निमुळता तुकडा आणि बारा पदर हाती येतात.

डोळ्यांच्या अंदाजावर भिस्त ठेवणे ज्यांना आवडत नाही, त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. कागदावर कंपासने वर्तुळ काढावे आणि कंपासची टोके तेवढीच उघडी ठेवून परिघावर एकामागून एक खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणांनंतर कंपास आरंभबिंदूशी परत येतो. वर्तुळाची त्रिज्या त्याच्या परिघावर सहा वेळा बसते, हे भूमितीतील सत्य मुलाला येथे पुस्तकाविना भेटते. खुणांच्या आधाराने वर्तुळ आधी निम्मे आणि मग तीन भागांत दुमडले की पाचर तयार होते.

कागद पातळ हवा. बारा पदर लहान हातांना जड जातात आणि जाड कागदावर कात्री घसरते. पतंगाचा कागद उत्तम. तो नसेल तर जुने वर्तमानपत्रही चालते. कात्री बोथट टोकांची असावी.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना बारा पदर कापता येत नसतील, तर शेवटची घडी गाळून सहा पदरांवरच थांबावे. अशा वेळी एक गंमत घडते. छेद पाचरीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतील, तर उलगडलेल्या फुलात सहा सारखे भाग न दिसता तीन आणि तीन अशी आलटून पालटून येणारी नक्षी दिसते. हे फूल चुकले असे मानू नये. निसर्गातही सहा बाजूंपैकी तीन लांब आणि तीन आखूड अशा, जवळजवळ त्रिकोणी दिसणाऱ्या हिमाच्या पत्र्या अधूनमधून आढळतात.

कात्रीचे नियम

पाचरीला दोन दुमडलेल्या कडा आणि एक मोकळी कड असते. दुमडलेल्या कडेवर अर्धे पान कापले तर उलगडल्यावर पूर्ण पानाचे छिद्र दिसते. केंद्राचे टोक कापले तर मध्यभागी छिद्र पडते. मोकळी कड फुलाची बाह्यरेषा ठरवते. ती एका दुमडलेल्या कडेशी काटकोन करून सरळ कापली, तर नितळ षट्कोन मिळतो. छेद पुरेसा तिरपा घेतला, म्हणजे एका कडेवर केंद्रापासून दूर आणि दुसऱ्या कडेवर केंद्राच्या जवळ, तर सहा टोकांची चांदणी होते. मुलाने हे दोन्ही छेद दोन वेगळ्या कागदांवर घेऊन पाहावेत. एका सरळ रेषेचा कल बदलल्याने पत्रीची चांदणी होते, हा शोध त्याचा स्वतःचा असावा.

एक नियम मात्र आधीच सांगावा लागतो. कोणताही छेद एका दुमडलेल्या कडेपासून दुसरीपर्यंत आरपार जाऊ नये; गेला तर फुलाचा बाहेरचा भाग सुटून पडतो. मथुरा-वृंदावनात सांझीचे साचे कापणारे कारागीर हेच पथ्य पाळतात. कागदात कितीही बारीक नक्षी कोरली तरी प्रत्येक भाग कोठेतरी दुसऱ्याशी जोडलेला राहिला पाहिजे. जे कापले जाते त्याच्याइतकेच जे राखले जाते त्यालाही महत्त्व असते.

मुलांच्या शिक्षणात कागदाच्या घड्यांना आणि कातरकामाला मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः बालोद्यान पद्धतीचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांच्याकडे जाते. बालशिक्षणाकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी फ्रोबेल बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात स्फटिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियान साम्युएल व्हाइस यांचे सहायक होते. स्फटिकांची मांडणी करण्यात ज्याचे दिवस गेले, त्याच माणसाने पुढे मुलांच्या हाती ठोकळे, घड्या आणि कात्री दिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्या साधनांपैकी कागदाच्या घड्यांवरून स्फूर्ती घेऊन टी. सुंदर राव या भारतीय लेखकाने केवळ घड्या घालून भूमितीचे सिद्धांत कसे पडताळता येतात हे दाखविणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १८९३ साली मद्रास येथे प्रसिद्ध झाले. खेळ आणि गणित यांच्यामधील भिंत किती पातळ आहे, याची साक्ष हे पुस्तक देते.

सहाच का?

१६११ साली प्राग येथे राहणाऱ्या योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाला आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट द्यावयाची होती. त्याच्या अंगरख्यावर हिमाचे कण पडले आणि ते सारे षट्कोनी असल्याचे त्याच्या ध्यानी आले. त्याने भेट म्हणून या विषयावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत त्याने एक श्लेष साधला आहे. लॅटिन भाषेत ‘निक्स’ म्हणजे हिम आणि जर्मन बोलीत ‘निक्स’ म्हणजे काहीच नाही. काहीच नसल्यासारखी ही भेट आहे, असे तो विनोदाने सुचवितो.

पुस्तिकेतील विचार मात्र गंभीर आहे. हिमकण योगायोगाने षट्कोनी होत असतील, तर कधी पाच किंवा सात टोकांचेही का पडत नाहीत, असे त्याने विचारले. त्याने मधमाश्यांच्या पोळ्यातील षट्कोनी घरे पाहिली, डाळिंबाचे दाणे एकमेकांना दाबून कसे आकार घेतात ते पाहिले, आणि समान गोल कमीत कमी जागेत कसे रचता येतील याचा विचार केला. गोलांच्या रचनेविषयी त्याने जे विधान केले त्याची सिद्धता गणितज्ञांना पुढे जवळजवळ चारशे वर्षे मिळाली नाही. ती थॉमस हेल्स यांनी १९९८ साली मांडली. हिमाच्या सहा टोकांचे समाधानकारक कारण मात्र केप्लरला सापडले नाही. त्याने ते प्रांजळपणे कबूल केले आणि प्रश्न पुढच्या पिढ्यांवर सोपविला.

उत्तर मिळण्यासाठी पदार्थाच्या अंतरंगात पाहता येणे आवश्यक होते. ते क्ष-किरणांमुळे विसाव्या शतकात शक्य झाले. पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. नेहमीच्या दाबाखाली पाणी गोठते तेव्हा प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी ठरावीक कोनांत जोडला जातो आणि सहा सहा रेणूंची कडी तयार होतात. कड्याला कडे जोडले जाऊन जी जाळी बनते, तिची ठेवण षट्कोनी असते. या जाळीवर वाढणारा स्फटिक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा झाला तरी आपल्या घडणीची खूण सोडीत नाही. म्हणून त्याचा आरंभीचा आकार इवलासा षट्कोन असतो.

षट्कोनाची चांदणी कशी होते, हेही समजण्यासारखे आहे. षट्कोनाचे कोपरे भोवतालच्या दमट हवेत इतर भागांपेक्षा थोडे पुढे आलेले असतात. त्यामुळे बाष्प त्यांच्यापर्यंत आधी पोहोचते. कोपरे जलद वाढतात, आणखी पुढे येतात, आणि म्हणून त्यांना आणखी बाष्प मिळते. अशा रीतीने सहा कोपऱ्यांचे सहा बाहू होतात, बाहूंना फांद्या फुटतात. ज्या मुलाने सरळ छेदाचा षट्कोन आणि तिरप्या छेदाची चांदणी स्वतः कापली आहे, त्याला ही वाढ चटकन उमगते.

जेरिको आणि होक्काइदो

हिमपुष्पांचे वैविध्य जगाला दाखविले ते अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने. त्याचे बालपणीचे शिक्षण बहुतांशी घरीच, आईच्या हाताखाली झाले. तिनेच त्याला सूक्ष्मदर्शक दिला. प्रारंभी तो हिमकण पाहून त्यांची चित्रे काढीत असे. पण चित्र पुरे होण्याआधीच कण वितळून जाई. अखेर सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी हिमस्फटिकाचे छायाचित्र घेण्यात यश मिळविले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. थंड खोलीत, श्वास रोखून, काळ्या फळीवर झेललेले कण काडीने अलगद उचलून त्याने आयुष्यभरात ५,००० हून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांपैकी २,४०० हून अधिक चित्रांचा संग्रह १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेंटलीचा न्यूमोनियाने मृत्यू झाला.

एका वेगळ्या दिशेने जपानी पदार्थवैज्ञानिक उकिचिरो नाकाया यांनी काम केले. होक्काइदो बेटावरील विद्यापीठात त्यांच्याजवळ महागडी उपकरणे नव्हती, पण हिम विपुल होते. नैसर्गिक स्फटिकांचे वर्गीकरण केल्यावर त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढविण्याचे ठरविले. स्फटिकाला आधार म्हणून त्यांनी अनेक प्रकारचे धागे वापरून पाहिले. अखेर सशाच्या केसाच्या टोकावर १९३६ साली पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढला. नंतरच्या प्रयोगांतून त्यांना आढळले की आकार मुख्यतः तापमानावर आणि हवेतील बाष्पाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. उणे २ अंश सेल्सिअसच्या सुमारास पातळ पत्र्या होतात, उणे ५ अंशांच्या सुमारास सुया आणि स्तंभ होतात, तर उणे १५ अंशांच्या सुमारास बाष्प भरपूर असल्यास नेच्याच्या पानांसारख्या फांद्या फुटलेल्या चांदण्या वाढतात. म्हणजे हिमकणाच्या आकारावरून तो ज्या थरांतून आला तेथील हवामान वाचता येते.

बारा पदर आणि आकाश

येथे एका चतुर मुलाला शंका येईल, आणि ती यावी अशीच आहे. कागदी फुलाचे सहाही बाहू सारखे असतात, कारण कात्रीने बारा पदर एकाच वेळी कापलेले असतात. आकाशात तर घडीही नाही आणि कात्रीही नाही. मग एका बाहूला दुसऱ्याची नक्षी कशी कळते?

उत्तर असे की, ती कळत नाही. एका बाहूचा दुसऱ्याशी कोणताही संवाद नसतो. स्फटिक ढगातून खाली येताना कधी अधिक थंड, कधी अधिक दमट थरातून जातो. परंतु तो इतका लहान असतो की त्याच्या सहाही बाहूंना एका क्षणी जवळजवळ एकच हवामान लाभते. थर बदलला की सहाही बाहूंची वाढ एकाच वेळी बदलते. सर्वांचा प्रवास एक, म्हणून सर्वांची नक्षी एक. दोन स्फटिकांचे प्रवास मात्र सहसा पूर्णपणे सारखे नसतात, म्हणून एका फुलासारखे दुसरे फूल सापडणे दुर्मिळ.

तरीही ‘एक’ हा शब्द जपून वापरावा लागतो. बेंटलीने छायाचित्रासाठी सुबक, प्रमाणबद्ध कणांची निवड केली होती. १८९३ साली जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान यांनी रिचर्ड नॉयहाउस यांनी घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांत कितीतरी कण वेडेवाकडे दिसले. प्रत्यक्षात पडणारे बहुतेक हिमकण असेच असतात. कोणाचा एक बाहू आखूड, कोणाचा मोडलेला, कोणी दुसऱ्या कणाला चिकटलेला. निर्दोष चांदणी हा अपवाद होय. सहा ही संख्या स्फटिकाच्या घडणीत आहे. निर्दोषपणा तिने कोणालाही बहाल केलेला नाही.

वर्गात आणि घरी

म्हणून ही कृती घेताना शिक्षकाने किंवा पालकाने सहाची घडी काळजीपूर्वक शिकवावी आणि पुढचे छेद मुलावर सोपवावेत. घडीला नियम आहे, कात्रीला स्वातंत्र्य आहे. हिमालाही हेच लागू पडते. दहा मुलांना एकसारखे दहा कागद देऊन एकाच पद्धतीने दुमडावयास सांगावे. उलगडल्यावर दहाही फुले सहा टोकांची असतील आणि सहसा कोणतीही दोन सारखी नसतील. ती काळ्या कागदावर चिकटवून ओळीने मांडली की मुलांना न सांगताच बरेच काही कळते.

एखाद्याने जुन्या सवयीने आठ टोकांचे फूल केले, तर ते फाडू नये. ते सहा टोकांच्या फुलाशेजारी ठेवावे आणि दोन्हींच्या घड्या उलगडून रेषा मोजावयास सांगावे. आपण कोठे निम्मे केले आणि कोठे तीन भाग करावयास हवे होते, हे त्या रेषा दाखवून देतील. चूक बोटाने दाखविण्यापेक्षा ती घडीत सापडणे अधिक हितकर असते.

ज्या प्रदेशांत हिम पडते तेथील मुलांना एक पुढची पायरी उपलब्ध असते. काळ्या लोकरीच्या कापडाचा तुकडा घटकाभर बाहेर ठेवून थंड करावा, त्यावर पडणारे कण भिंगातून पाहावेत आणि आपल्या कागदी फुलाशी ताडून पाहावेत. श्वास त्यांच्यावर पडू देऊ नये. इतर ठिकाणच्या मुलांना फ्रिजच्या बर्फकप्प्यात साचणारे पांढरे दहिवर पाहता येईल. तेही बाष्पापासून थेट घन झालेले असते, म्हणजे हिमाचे जवळचे नातलगच.

आणि एखाद्या मुलाचे फूल उलगडताना फाटले, एक बाहू गळून पडला आणि ते हिरमुसले, तर त्याला सांगता येईल की आकाशातून येणारे बहुतेक हिमकण असेच असतात. हे केवळ सांत्वन नाही; ते निरीक्षणाने सिद्ध झालेले सत्य आहे. उरलेले पाच बाहू मोजून त्याने सहाव्याची जागा कोठे होती ते दाखविले, की त्याला हिम कळू लागले असे समजावे.